आवाजाचा रकाना

१

"काय दिसतंय?" ताई फोनवर विचारायची.

मी तेव्हा कुठल्या तरी रिकाम्या घरात मधोमध उभा असायचो. आमची कंपनी भाड्याची घरं वेबसाइटवर टाकते. त्याआधी कुणीतरी जाऊन ती बघून यावी लागतात, ते माझं काम. फोटो काढायचे, टेपनं खोल्या मोजायच्या, नळ सोडून बघायचा आणि मोबाइलवर फॉर्म भरायचा. माझं शिक्षण सातवी, तेही कसंबसं. नोकरी ताईमुळे लागली. ती त्याच कंपनीत वरच्या मजल्यावर शोधाच्या कामावर होती. लोक घर शोधताना जे लिहितात, त्याला बरोबर घर सापडलं पाहिजे, एवढंच तिचं काम. पण ती ते असं करायची, जणू प्रत्येकाचं सामान तिलाच वर चढवायचंय.

"खिडकी दिसतेय," मी म्हणायचो.

"खिडकीतून काय दिसतंय?"

"भिंत."

"कुणाची?"

"शेजारच्यांची. नाव विचारून येऊ?"

"शहाण्या, किती लांब आहे ते सांग. हात बाहेर काढला तर लागते का?"

हात बाहेर काढायचो. लागायची. मग ती तसंच लिहायला लावायची. फॉर्ममधले असले सगळे रकाने तिनंच काढलेले. पलंगापासून संडासापर्यंत पावलं किती. सकाळी दहाला ऊन कुठवर येतं. जिन्यात मध्ये टेकायला जागा आहे का. नुसतं 'हवेशीर' लिहून माणसाला घर सापडत नाही, असं ती म्हणायची. हवेशीर काय, कोंबड्यांच्या खुराड्यालाही लिहितात.

शेवटचा रकाना आवाजाचा. त्यासाठी घरात एक मिनिट गप्प उभं राहायचं. फॉर्ममध्येच घड्याळ होतं. साठ सेकंद झाल्याशिवाय जतन करायचं बटण हिरवं व्हायचंच नाही. घरं बघायला जाणारी सगळी पोरं त्या मिनिटाला शिव्या घालायची, आणि मी सगळ्यांत जास्त, कारण मला एका जागी उभं राहायला सांगितलं की पाय खाजायला लागतात.

"मोज," ताई म्हणायची. "मोजलं की जातं."

पण मला चाळीसच्या पुढे नीट येत नाही. बेचाळीसपर्यंत गाडी चालते, मग त्रेपन्न की त्रेचाळीस, चौपन्न की चव्वेचाळीस, सगळा गुंता. शाळेत याच्यावरून मार खाल्लाय. मग तीच फोनवर माझ्यासाठी मोजायची. साठ झाले की विचारायची, "हं, काय ऐकू आलं?"

"तू. दुसरं काही ऐकू द्यायला तू गप्प कुठं बसतेस?"

तिला जाऊन सात आठवडे झाले.

२

तिच्या जागी आता ज्या मॅडम आल्या आहेत त्यांना आम्ही आकडेबाई म्हणतो, कारण त्या 'बरं वाटतंय' हेसुद्धा टक्क्यांत सांगतात. बाई वाईट नाही. सोमवारी त्यांनी मला वर बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी आलं तसा मी सावध झालो.

"शुक्रवारपासून फॉर्म बदलतोय," त्या म्हणाल्या. "फोटो मशीनच वाचणार. पावलं, ऊन, ते मिनिट, सगळं काढून टाकतोय. एकेका घराला फार वेळ जातो तुमचा."

पोरं नाचतील, हे पहिल्यांदा मनात आलं. मग आठवलं, हे रकाने ताईचे. त्या इमारतीत ताईचं तेवढंच उरलं होतं.

"पण एक घर मला अडवतंय," असं म्हणून त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "एकही फोटो नाही. फोटो नसलेल्या घराकडे कुणी ढुंकून बघत नाही. हे नऊ जणांनी जाऊन पाहिलं. कुणी भाड्यानं घेतलं नाही, कुणी तक्रारही केली नाही. किल्ली घेतल्यापासून परत देईपर्यंत लोकांना साधारण अकरा मिनिटं लागतात. इथं एक तास चाळीस."

"काय करतात एवढा वेळ?"

"ते तू सांग. फॉर्म तुझा आहे."

मी पत्ता वाचला आणि माझे कान गरम झाले.

त्यांनी दुसरी यादी उघडली. त्या नऊ जणांनी शोधताना काय लिहिलं होतं, ते. मी हळू वाचतो, म्हणून त्यांनीच वाचून दाखवलं. आता एक खोली पुरेल. आता जिना असला तरी चालेल. आता शाळेजवळ नको.

वाचताना त्यांचा आवाज टक्केवारीचा राहिला नाही.

"हा 'आता' शब्द आम्ही शोधातून गाळणार होतो. त्यानं घर बदलत नाही. तुझ्या ताईनं गाळू दिला नाही. भांडली होती माझ्याशी. म्हणाली, माणूस घर का शोधतोय ते त्याच शब्दात असतं." त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "आणि मशीननं ह्या माणसांना हे घर दाखवलं ते तू लिहिलेल्यावरून. तीन खोल्या, एकामागे एक. तिसरीच्या आत अजून एक, लहान, एका माणसापुरती. एकच खिडकी. उजेड भरपूर, ऊन नाही. आवाज: कोणीतरी हळू मोजतंय. हे मोजतंय म्हणजे काय रे?"

"खाली शिंपी आहे," मी म्हणालो.

"हं. जा, नीट बघून ये. फोटो आण. लिहिलंय तसं घर निघालं, तर मी वरच्यांना सांगेन की फॉर्म आहे तसा ठेवा. याच्याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही."

खाली शिंपी आहे, हे खरंच होतं. पण ते घर मी आतून कधी पाहिलंच नव्हतं.

३

सात आठवड्यांपूर्वी मी शिंप्याच्या दुकानापर्यंत गेलो होतो. वरच्या घराची किल्ली त्याच्याकडे. हात पुढे केला आणि फोन वाजला. दवाखान्यातून आईचा. किल्ली न घेताच पळालो.

दुपारी ताईला जरा बरं वाटलं. आई जेवायला म्हणून खाली गेली. मी पलंगाशेजारी बसलो होतो. तिचे डोळे मिटलेले होते, आवाज दोऱ्यासारखा बारीक झाला होता, पण पहिला प्रश्न कामाचाच.

"फॉर्म भरलास?"

"गेलोच नाही घरात. मरू दे तो फॉर्म."

"संध्याकाळपर्यंत द्यायचाय."

तिला हसवायचं म्हणून मी मोबाइल काढला आणि तिच्यासारखा आवाज काढून विचारलं, "काय दिसतंय?"

ती हसली नाही. तिनं डोळे मिटूनच सांगायला सुरुवात केली. तीन खोल्या. आत अजून एक. लहान. मी लिहीत गेलो. तिला वाटत असेल की मी तिकडे घरात आहे आणि आम्ही फोनवर बोलतोय, असं मी धरून चाललो. औषधांनी माणूस भरकटतो, हे नर्सनं सांगितलेलंच होतं.

मग ती म्हणाली, "मिनिट लाव."

मी उठून खिडकीशी गेलो. पाठ तिच्याकडे, डोळे मोबाइलवर. सेकंद सरकत होते आणि मी मनात त्या मिनिटाला शिव्या देत होतो. पडद्यापलीकडे कोणीतरी हळू मोजत होतं. नर्स गोळ्या मोजत असेल, असं वाटलं. रकान्यात तेच लिहिलं. बटण हिरवं झालं. दाबलं. वळलो, तर ती संपली होती.

एवढ्याशा मिनिटात. आणि मी बटणाकडे बघत होतो.

आई रोज विचारते, "शेवटी काय म्हणाली रे?"

"काही नाही. हसली," मी सांगतो.

आई मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

४

मंगळवारी सकाळी अकराला मी तिथे पोचलो. आधी इमारतीला वळसा घालून मागे गेलो. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. आत तीन खोल्या निघतील, चौथी निघणार नाही. मग मी खोटारडा आणि ताईचा फॉर्म रद्द. मागची भिंत सपाट होती. पाण्याचा एक पाइप, त्याच्यावर शेवाळ. खिडकी नाही. भिंतीनंतर नुसती हवा आणि पलीकडे सायकली लावायची मोकळी जागा.

दुकानात शिंपीकाका कोटाचं अस्तर उसवत बसले होते. साठीचे, कानावर खडू.

"तूच ना तो, किल्ली न घेता पळालेला?" ते म्हणाले. "मला वाटलं माझं तोंड बघून पळालास."

"काका, लोक वर काय करतात?"

"मला काय विचारतोस? घर बघायचं म्हणजे काय, नळ सोडायचा, पंखा लावायचा, संडासात डोकावून नाक मुरडायचं, झालं. हे लोक तास तास बसतात. खाली येऊन माझे आभार मानतात. एकानं तर माझा हात हातात घेतला. अरे, मी बटणं लावतो, मी काय केलंय?"

"तुम्ही गेलात कधी?"

त्यांनी एक टाका उसवला, मग दुसरा.

"एकदा," ते म्हणाले. "पुरलं."

"घाबरलात?"

"नाही." त्यांनी मान वर केली. "लहानपणी पहिल्यांदा समुद्र दाखवल्यावर कसं होतं? घाबरत नाहीस. पण बोलतही नाहीस. तसं."

किल्ली खुंटीवर नव्हती. वर कोणीतरी होतं. मी बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं जिन्यावर चपला वाजल्या आणि पन्नाशीच्या एक बाई खाली आल्या. पर्स छातीशी धरलेली. चेहरा नुकताच धुतल्यासारखा. त्यांनी किल्ली ठेवली, वहीत वेळ लिहिली आणि माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र पाहिलं.

"ते तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"अगदी बरोबर लिहिलंय. फक्त आमचे मोजत नव्हते." त्या थांबल्या. "चमचा ढवळत होते. साखर विरघळली तरी ढवळत बसायचे. मी किती ओरडायचे त्यावरून."

"मग घर घेणार का?" मला दुसरं काही सुचलं नाही.

"छे हो. तिथं राहायचं थोडंच असतं?"

आणि त्या रस्ता ओलांडून गेल्या, दोन्हीकडे नीट बघून.

५

कुलूप सहज उघडलं. मी नेहमीसारखं दार पूर्ण उघडं टाकलं आणि खाली चपलेची पाचर लावली. वाऱ्यानं दार आपटलं तर घरमालक आमच्या नावानं ओरडतात.

पहिली खोली. रिकामी, चुन्याचा वास. दोन खिडक्या रस्त्याकडे. फोटो काढला. ऊन तिसऱ्या फरशीपर्यंत. दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. ओटा, नळ. नळ सोडला. आधी खाकरला, मग पाणी आलं. फोटो. हात कामाला लागले की डोकं शांत होतं, हे मला माहीत आहे. मी टेप ताणत होतो, आकडे लिहीत होतो आणि मनाशी म्हणत होतो, लेका, हे साधं घर आहे. त्या बाईंचा नवरा गेला, त्यांना कुठंही चमचा ऐकू येईल. माणसाला पाहिजे ते ऐकू येतं.

तिसऱ्या खोलीत मी समोरच्या भिंतीला टेप लावायला गेलो आणि टेप भिंतीला लागली नाही.

पुढे जात राहिली. पत्र्याची पट्टी सरळ, न वाकता, पुढे. मी तिच्याकडे बघत होतो, भिंतीकडे नाही. मग मान वर केली.

दार होतं. साधं, फिक्या रंगाचं, अर्धं उघडं. खोलीत शिरल्यापासून ते तिथेच असणार, कारण मी दचकलो नाही. आपल्या घरातल्या दारानं कोणी दचकत नाही. पण ही इमारतीची मागची भिंत होती. तासाभरापूर्वी मी तिच्या पलीकडे उभा राहून शेवाळ बघितलं होतं.

मी मागे पहिल्या खोलीत जाऊन खिडकीतून खाली वाकलो. "काका!"

शिंपीकाका रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर उभे होते, हातात पेला. त्यांनी हात हलवला. म्हणजे खाली दुकानात मोजायला कोणी नव्हतं. मशीनचा आवाजही नव्हता.

मी परत आलो. टेप जमिनीवर तशीच पडली होती, दारातून आत गेलेली.

पळावंसं वाटलं का? वाटलं. मी आयुष्यभर सगळ्यातून पळालोय, शाळेतून, दोन नोकऱ्यांतून, चाळीसच्या पुढच्या आकड्यांतून. पण आतून जो उजेड येत होता त्याच्यात काहीतरी होतं. माझी मान आपोआप खाली गेली. लहान असताना थोरामोठ्यांच्या खोलीत जाताना जाते ना, तशी.

टेप ओलांडून आत गेलो.

६

लहान खोली. एका माणसापुरती. एकच खिडकी. खिडकीतून सायकली दिसायला हव्या होत्या. दिसत नव्हत्या. पांढरंही नाही आणि निळंही नाही असं काहीतरी होतं, खूप खोलवर गेलेलं, आणि त्याचा उजेड सगळीकडे सारखा पडला होता. मी हात पुढे केला. हाताची सावली पडली नाही. पायाशी बघितलं, तिथेही नव्हती. मला एकदम वाटलं की ही खोली लहान नाहीच. मीच तिच्या एवढ्याशा कोपऱ्यात उभा आहे, आणि बाकीची माझ्या मागे कुठवर गेलीय ते बघायची माझी छाती नाही.

मोबाइल हातात होता. फॉर्म उघडा होता. शेवटचा रकाना. मी नेहमीसारखं खिडकीकडे तोंड केलं आणि मिनिट लावलं.

सुरुवातीला काही नाही. माझाच श्वास. मग मागून, अगदी बारीक, दोऱ्यासारखं:

"सात. आठ. नऊ."

मोबाइल मी खिशात टाकला. यावेळी त्याच्याकडे बघायचं नव्हतं.

"चौदा. पंधरा."

ती घाई करत नव्हती. कधीच करायची नाही. फोनवर असतानाही तिचा एकेक आकडा असा यायचा, जसं कोणी घडी घातलेले कपडे एकावर एक ठेवतंय. तेव्हा दवाखान्यात हा आवाज मला ओळखू आला होता का, हे मी स्वतःला विचारत नाही. विचारलं तर उत्तर येईल.

"एकोणतीस. तीस."

ती माझं मिनिट मोजत होती. पाठ फिरवून उभ्या असलेल्या भावाचा पाय खाजतोय, तो चाळीसच्या पुढे अडणार, हे तिला माहीत होतं. जाता जाता तिला तेवढंच काम दिसलं.

"चाळीस. एक्केचाळीस."

मी वळलो.

सगळं सांगता येणार नाही, कारण सगळं दिसलं नाही. पलंगाचा लोखंडी दांडा दिसला, थोडी चादर दिसली आणि तिचा हात दिसला. अंगठा बोटांवरून एकेक पेर सरकत होता. हाताच्या वर बघायला मान उचलायची होती, पण त्या उजेडात मान उचलवेना. कोणी दाबून धरली नव्हती. माझ्याच्यानं होईना, एवढंच. एवढ्या मोठ्या गोष्टीसमोर मी एवढासा होतो, आणि तरी ती माझ्यासाठी मोजत होती.

"बेचाळीस."

अंगठा सरकला.

"त्रेचाळीस."

आणि थांबला.

तशी शांतता मी कधी ऐकली नाही. वाट बघणारी शांतता होती ती. सेकंद जात होते आणि कोणी मोजत नव्हतं. मिनिट तिथेच तुटून लोंबत होतं, सात आठवडे.

माझ्या तोंडून निघालं, "चव्वेचाळीस."

आवाज फाटला. परत म्हणालो, नीट. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. सेहेचाळीस. एकोणपन्नासला अडलो. जीभ पुढे जाईना. शाळा, छडी, सगळं आठवलं. मग तिच्या चालीवर म्हटलं, घडी घालून ठेवल्यासारखं, तर आलं. पन्नास. एक्कावन्न. मी रडत होतो की नाही मला सांगता येणार नाही, पण आकडा एकही चुकला नाही. सत्तावन्न. अठ्ठावन्न. एकोणसाठ.

"साठ," मी म्हणालो.

खिशात मोबाइल थरथरला.

७

मी तिसऱ्या खोलीत भिंतीसमोर उभा होतो. टेपचं टोक भिंतीला टेकलेलं होतं. भिंत गार होती. मी तिला हात लावून बघितला, ठोकून बघितली, कान लावला. मग भिंतीचा फोटो काढला, नेहमीसारखा, चारही कोपरे येतील असा.

तिथेच जमिनीवर बसून मी फॉर्म भरला. खोल्या तीन. चौथी मी त्या दिवशी घर न बघता लिहिली होती, चूक माझी. नळ चालू. ऊन तिसऱ्या फरशीपर्यंत. आवाज: कोणीतरी हळू मोजतंय, त्रेचाळीसपर्यंत. पुढे मी.

बटण हिरवंच होतं. दाबलं.

जिना उतरेपर्यंत आकडेबाईंचा फोन आला. "हे काय लिहिलंयस? याला मी काय समजू? म्हणजे तू खोटं..."

"हो मॅडम. तेव्हा खोटं लिहिलं होतं. आज जे आहे ते लिहिलंय."

"चौथी खोली आहे की नाही?"

"फोटोत नाही."

 मग त्यांनी विचारलं, आणि त्यात एकही आकडा नव्हता, "किल्ली त्या शिंप्याकडेच असते ना?"

नंतर शिंपीकाकांनी मला वही दाखवली. बुधवारी दुपारी आकडेबाईंनी किल्ली घेतल्याची वेळ लिहिली आहे. परत दिल्याची लिहायला त्या विसरल्या. शुक्रवार उलटून गेला आणि फॉर्म आहे तसाच आहे. पोरं अजून त्या मिनिटाला शिव्या घालतात. मी घालत नाही.

पण त्या मंगळवारी मी ऑफिसला गेलो नाही. सरळ घरी गेलो. आई ताईच्या कपाटासमोर बसली होती, तिचे कपडे काढून परत तशाच घड्या घालत. मी तिच्याशेजारी बसलो. ती विचारेल म्हणून थांबलो. तिनं विचारलं.

"हसली नव्हती, आई," मी म्हणालो. "खोटं सांगत होतो. ती मोजत होती. मी खिडकीशी उभा होतो, माझ्यासाठी मोजत होती."

आईचे हात थांबले. "कुठपर्यंत?"

"त्रेचाळीस."

आईनं एक ओढणी उचलली, मांडीवर पसरली, कडा जुळवल्या.

"त्याच्या पुढचं तुला येत नाही ना रे," ती म्हणाली.

"आता येतं," मी म्हणालो.